हेमंत नागपूरला असतो

"एवढ्या बाटल्या आता कुठं ठेवू, सांग न रंजू!"

पदरात औषधांच्या बाटल्या गोळा करून आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पोह्यांसाठी आलू चिरत होते. आईची नजर तांदळाच्या डब्याकडे गेली, तशी बाहेरच्या खाटेवरून माझा धाकटा भाऊ हेमंत म्हणाला, "टाक तांदळात. फक्त पाहुण्यांना भात वाढू नको."

"तू बोलूच नको बाबू. ऊठ, झाडेकाकूंकडे जा. कवाच्या बोलावून राह्यल्या त्या."

"त्या नाही बोलावून राहिल्या. तू पाठवून राहिली."

बाटल्या शेवटी तांदळातच गेल्या.

मे महिना होता. आमच्या चंद्रपूरकडचा मे ज्यानं काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. त्यात सिमेंट कारखान्याची कॉलनी. झाडांच्या पानांपासून दोरीवरच्या लुगड्यापर्यंत सगळ्यावर राखाडी धूळ. अशा उन्हात हेमंत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डाव्या मनगटाचं बटण लावून बसायचा. पाणी त्याला मोजून मिळे. ते संपलं की बर्फाचा खडा तोंडात धरून तो आमच्या कूलरच्या टाकीकडे बघत राही. त्याचं ते बघणं मला सोसायचं नाही. मी कूलरमध्ये पाणी टाकायची ती तो झोपल्यावर.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बाबा नाहीतर मी त्याला एसटीनं नागपूरला न्यायचो. तिथं त्याला रक्त धुवायच्या मशीनला जोडत. खर्च कारखाना देई, कारण बाबांच्या मेडिकल कार्डावर त्याचं नाव होतं. बाबा क्रशरवर ऑपरेटर. कारखान्यानं हात काढून घेतला तर काय, हा विचार आमच्या घरात कुणी मोठ्यानं करत नसे. तो केला की उत्तर एकच निघत होतं.

आणि तो करायची वेळ आली होती. कार्डावर मुलीचं नाव लग्न होईपर्यंत राही, मुलाचं कॉलेज संपेपर्यंत. कॉलेज संपल्यावरही पंचविशीपर्यंत ठेवत, पण पोरगा घरीच राहतो, काही कमावत नाही, सगळा भार बापावर आहे, याची ऑफिसची खात्री पटायला हवी. हेमंत सुयांनी काळानिळा झालेला हात घेऊन परीक्षेला बसला आणि बीएस्सी पास झाला. पास झाला आणि पंचाईत झाली. पोरगा नापास झाला असता तर बरं झालं असतं असं म्हणणारी आई मी त्या वर्षी पाहिली.

बल्लारपूरच्या एका क्लासवाल्यानं त्याला गणित शिकवायला बोलावलं होतं. हेमंतचं गणित फार चांगलं. पण पगार घेतला की कार्ड गेलं. त्यानं नाही म्हणून कळवलं आणि मला म्हणाला, "ताई, माझी नोकरी पक्की आहे. रिकामं बसायचं. यात बढती नाही, पण जिवंत ठेवतात."

बाबांनी अर्ज दिला होता. ऑफिसातून बोलावणं येईल, मग हेमंतला घेऊन जाऊ, दाखवू, असं आम्ही धरून चाललो होतो. आजवर तसंच चालत आलेलं होतं.

त्यातच माझं स्थळ आलं. वरोऱ्याचे मोहितकर. मुलगा प्रफुल्ल, बँकेत. मी पंचवीस ओलांडलेली, रंगानं सावळी, आणि घरात असला भाऊ. आधीची दोन स्थळं हेमंतचं कळल्यावर परत फिरली होती. एकांना वाटलं आजार रक्तातला असणार, उद्या मुलीला व्हायचा. दुसऱ्यांना वाटलं, म्हातारा बाप गेला की हा जावयाच्या गळ्यात. त्यामुळे या वेळी आईनं ठरवलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. हेमंत दिसायचाच नाही. भाऊ नागपूरला नोकरीला आहे, एवढंच सांगायचं. लग्न झाल्यावर बघून घेऊ.

हे स्थळ आणणारे नागोसेकाका बाबांबरोबरच कारखान्यात होते. त्यांनी सकाळी आईला बाजूला घेऊन बजावलं होतं. "वैनी, पाहुणे पाचला येतीन. पण त्याच्या आधी मुलाचे मोठे काका एकटे येऊन घरदार पाहून जातीन म्हणे. कोण म्हणून सांगणार नाहीत हां. काहीतरी निमित्त काढून येतीन. तुम्ही ओळखलं असं दाखवू नका."

आईला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे ही रीतच होती. आईला पाहायला बाबांचे चुलते तिच्या गावी बैल विकत घ्यायला म्हणून गेले होते. बैलाचे दात पाहिले, दोन वेळा चहा प्याले, बैल न घेता निघून गेले. ते बैलवाले कोण होते हे माझ्या आजोबांना लग्नाच्या मांडवात कळलं.

"रंजू, जो कोणी येईन तो काकाच समज," आई म्हणाली. मग हेमंतच्या खाटेवरची चादर बदलली, त्याचं पाणी मोजायचं भांडं उचललं आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "जा न राजा."

हेमंत उठला. मागच्या अंगणातून शेजारच्या झाडेकाकूंच्या क्वार्टरला दार होतं. दारात थांबून तो म्हणाला, "आजच्यापुरता मी मेलो समजा."

आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "थू थू म्हण."

"थू थू," हेमंत म्हणाला आणि गेला.

*

साडेचारच्या सुमाराला फाटक वाजलं. मी आतल्या दाराच्या फटीतून पाहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा बुशशर्ट, घामानं चिकटलेले केस, काखेत फाईल. बाबा नागोसेकाकांबरोबर बसस्टँडवर पाहुण्यांना आणायला गेलेले.

"उरकुडेंचं क्वार्टर हेच ना? मी ऑफिसातून आलो. तुमच्या मुलाबद्दल थोडी माहिती हवी होती."

आईनं माझ्या फटीकडे असं बघितलं, की मला हसू आवरेना. बैलवाले आले होते.

"या, या ना. ऑफिसातून आलात का? बसा." आई शुद्ध बोलायला लागली. ती चारचौघांत, विशेषतः पाहुण्यांपुढे शुद्ध बोलायची, अगदी जपून, नवी चप्पल घालून चालल्यासारखी. "अगं रंजू, पाणी आण बरं. ही आमची मुलगी. बीए झाली आहे. स्वयंपाक, शिवण, सगळं येतं तिला."

गृहस्थांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. किती मुरलेला माणूस, मला वाटलं. पाणी पिऊन त्यांनी फाईल उघडली.

"तुमचा मुलगा हेमंत. कॉलेज संपलं त्याचं?"

"संपलं ना. पहिल्या झटक्यात पास."

"सध्या घरीच असतो?"

"छे हो! घरी कशाला बसेल?" आई म्हणाली. "आमचा हेमंत नागपूरला असतो. नोकरीला."

"कायम आहे?"

"कायमच म्हणायची. साहेब लोक त्याला सोडायला तयार नाहीत. त्याचं गणित फार चांगलं आहे ना."

"म्हणजे तुमच्यावर त्याचा भार नाही."

"भार? उलट तोच आम्हाला देतो. परवा आला तेव्हा ही भारी साडी घेऊन आला हिला." साडी झाडेकाकूंची होती. "त्यानं स्कूटर पण घेतली. हिरवी. ऑफिसला स्कूटरवर जातो, रविवारी मित्रांसोबत फुटाळा तलावावर फिरायला जातो. मी म्हणते, बाबा उन्हात हिंडू नको, तर म्हणतो, आई, मला काय धाड भरली आहे?"

"तब्येत बरी असते?"

"ठणठणीत. साधी सर्दी नाही. तहान लागली की हा एवढा तांब्या उभ्यानं पितो, मी म्हणते, अरे, ठसका लागेल."

मी दाराआड तोंडावर पदर धरून उभी होते. पहिल्यांदा हसण्यासाठी धरला होता. पण आई बोलत राहिली आणि माझं हसू गेलं. तिचा आवाज इतका सुखाचा मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. ती माझं लग्न जमवण्यासाठी खोटं बोलत होती हे खरं. पण उभ्यानं तांब्याभर पाणी पिणारा तो पोरगा तिला समोर दिसत होता, हेही तितकंच खरं. तिला थांबवावं असं मला वाटलंच नाही. सांगू दे, वाटलं, आणखी सांगू दे.

गृहस्थ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी फाईल पुढे केली. "मी लिहिलंय ते वाचून दाखवतो. मुलगा नागपूर इथं नोकरीस आहे, घरी राहत नाही, आईवडिलांवर अवलंबून नाही, प्रकृती उत्तम. बरोबर? इथं सही करा."

आईनं झोकात सही केली. तिच्या मते बैलाचे दात बघण्याचाच तो प्रकार होता.

"पोहे खाऊन जा ना."

"नको. ड्युटीवर असताना मी कुणाकडं खात नाही." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "बरं वाटलं तुमच्याकडं येऊन, बाई. सकाळपासून फिरतोय, सरळ उत्तर देणारं घर हे पहिलंच."

ते गेल्यावर आईनं मला कवटाळलं. "पसंत पडलं वं त्यायले घर! पाह्यलं का, कसे खुश झाले ते?"

मागच्या भिंतीपलीकडून हेमंतचा आवाज आला. मधली भिंत चार इंची, सगळं ऐकू जायचं. "ताई, ए ताई. हिरवी स्कूटर कोणी सांगितली ग? मला निळी पाहिजे."

आई भिंतीजवळ गेली. "निळी तर निळी," ती म्हणाली आणि का कुणास ठाऊक, रडायला लागली.

*

पाचला पाहुणे आले. बाबा, नागोसेकाका, मुलगा, त्याचे वडील आणि आणखी एक जाडजूड गृहस्थ. बैठक भरून गेली. नागोसेकाका ओळख करून द्यायला लागले. "हे प्रफुल्लचे वडील. अन् हे मोठे काका. यांच्या शब्दाबाहेर घरात कोणी नाही."

आई पाण्याचा ट्रे धरून उभी होती. "मोठे काका? मग मघाशी..." तिनं सावरायचा प्रयत्न केला. "तुम्ही दुपारी येऊन गेले ना?"

"मी? नाही बुवा. येणार होतो, पण ऊन पाहिलं अन् म्हटलं सोबतच जाऊ."

"पण एक जण आले होते. फाईल घेऊन. पांढरा बुशशर्ट."

नागोसेकाका हसले. "ते होय! ते आपले हेड ऑफिसचे नवे साहेब, बोनगीरवार. पोरं पुण्या-मुंबईले कमावून राह्यली अन् नावं इथं कार्डावर. म्हणून आता घरोघरी फिरून चौकशी करून राह्यले. अजून क्वार्टरांच्या लायनीतच असतीन, जीप उभी आहे लिंबाखाली. काहून, तुमच्याकडे काय काम होतं?"

आईनं कुणालाच पाणी न देता ट्रे खाली ठेवला. बाबांनी आईकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी खाली मान घातली ती वर केलीच नाही. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. आता चिडत नाही. दोन लेकरांतलं एक उचल असं कुणी म्हटलं, तर बाप खालीच बघणार.

"बस बेटा," मुलाचे वडील मला म्हणाले. "नाव काय तुझं?"

मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. प्रफुल्ल माझ्याकडे बघत होता. नजर चांगली होती त्याची, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मी बशी त्याच्या हातात दिली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"रंजना," मी म्हणाले आणि धावत सुटले.

झाडेकाकूंची भारी साडी, पायात काही नाही, डांबर पेटलेलं. जीप नुकतीच हलली होती. मी बॉनेटवर दोन्ही हात मारले. ड्रायव्हरनं शिवी घातली. बोनगीरवार साहेब खाली उतरले.

"साहेब, आईनं खोटं सांगितलं. माझा भाऊ इथंच आहे. आजारी आहे. त्याला नोकरी नाही."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. साडी, गजरा, कानातलं. "तुमच्या आईनं सही केली आहे."

"तिला वाटलं तुम्ही मुलाकडचे काका."

"काय?"

"मला बघायला आलेत. आधी काका येणार होते. तिला वाटलं तुम्हीच काका, ऑफिसचं निमित्त करून आलात." सांगता सांगताच मला कळत होतं, की शहाण्या माणसाला हे पटायचं नाही.

"बाई," ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "माझ्या यादीत नुसती नावं आहेत, आणि प्रत्येक घरात मला शपथा घालून सांगतात, पोरगा रिकामा आहे, आजारी आहे. तुमची आई एक खरं बोलली, तर आता तुम्ही मागून धावत आलात. कुणी शिकवलं?"

"थांबा. फक्त थांबा."

मी झाडेकाकूंच्या दारावर थापा मारल्या. काकूंनी उघडताच आत शिरले आणि हेमंतला दंडाला धरून बाहेर आणलं. तोवर आमच्या ओट्यावर सगळे आले होते. पाहुणे, नागोसेकाका, बाबा. प्रफुल्लच्या हातात अजून पोह्यांची बशी होती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी. सगळ्या लायनीतल्या खिडक्या उघडल्या होत्या.

हेमंतनं ओट्याकडे पाहिलं. मग माझ्या साडीकडे. मग साहेबांकडे. तो आमच्या घरात सगळ्यांत हुशार. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"नमस्कार साहेब," तो म्हणाला. "मी हेमंत उरकुडे. नागपूरला असतो. सुट्टीवर आलोय."

मी त्याचा दंड हलवला. "हेमू, काय बोलून राहिला तू?"

"ताई, तू घरी जा. पाहुणे आले आहेत." मग तो ओट्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "नमस्कार! मी रंजूताईचा भाऊ. आता एवढ्यातच आलो गाडीनं."

तो हसत होता. हसताना ओठ फाटलेले दिसत होते. त्या दिवशी सकाळपासून त्यानं पाणी जवळजवळ घेतलंच नव्हतं. घेतलं की चेहरा सुजायचा, आणि चुकून कुणाच्या नजरेस पडला तर माझं स्थळ बिघडायचं.

"बघा," साहेब म्हणाले आणि जीपकडे वळले.

मी हेमंतचा डावा हात धरला. तो ओढायला लागला. ताकद त्याच्यात नव्हतीच. मनगटाचं बटण तुटून उडालं. मी बाही कोपराच्या वर नेली. मशीनला जोडण्यासाठी डॉक्टरांनी त्याच्या हातातल्या दोन नसा एकमेकींना शिवून दिल्या होत्या. तिथं दोरखंडासारखा फुगा आला होता आणि त्यावर सुयांच्या खुणा, जुन्या पांढऱ्या, नव्या काळ्या.

"हात लावा साहेब. इथं लावा."

"अहो..."

"लावा!" मी ओरडले. आयुष्यात तेवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नाही.

त्यांनी दोन बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. मग पुन्हा टेकवली. त्या नसेतून रक्त इतक्या जोरात धावायचं, की आतून सतत गुरगुर लागायची, काडेपेटीत भुंगा कोंडावा तशी. रात्री बसमध्ये हेमंत माझ्या खांद्यावर झोपला, की मी त्या जागेवर हात ठेवून बसायची. गुरगुर चालू आहे म्हणजे तो आहे.

साहेबांची बोटं तिथंच राहिली. "कधीपासून?" त्यांनी हेमंतला विचारलं. हेमंतनं मान फिरवली.

"मला पटलं, बाई," ते मला म्हणाले. "पण मला पटून उपयोग नाही. आईची सही आहे माझ्याजवळ. ती त्यांनीच माझ्यासमोर फिरवायला हवी. त्यांनी तोंडानं सांगितलं पाहिजे."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आई ओटा उतरून आली. रस्ता तेवढाच, पण ती येईपर्यंत मला वाटलं संध्याकाळ होईल. पाहुण्यांवरून तिची नजर गेली, माझ्यावर थांबली. तिला माझी क्षमा मागायची होती की माझी परवानगी, ते मला कळलं नाही. मी मान हलवली. मग ती हेमंतपुढे न थांबता साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं आणि शुद्ध काही येईना.

"रिकामा हाये जी माहा पोरगा," ती म्हणाली. "काई काम नाई करत. नागपूरले फक्त मशीनसाठी जाते. घरीच पडून रायते."

"तुमच्यावरच अवलंबून आहे?"

"मंग कोनावर रायीन?"

"आई, जोरानं सांग," हेमंत म्हणाला. "मोठ्या काकांना ऐकू नाही आलं."

तो ते चेष्टेनं म्हणाला की रागानं, मला आजही ठरवता येत नाही. आईनं मात्र ऐकलं. ती साऱ्या लायनीला ऐकू जाईल अशी ओरडली, "काई कामाचा नाई माहा पोरगा! काई कामाचा नाई!" आणि रस्त्यातच मटकन खाली बसली. हेमंत तिच्याजवळ बसला. तिच्या डोक्यावरचा पदर सरकला होता, तो त्यानं नीट केला. गुरगुरणाऱ्या हातानंच केला.

साहेबांनी लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं. आईनं जिथं म्हटलं तिथं सही केली. अक्षर ओळखू येत नव्हतं.

पाहुणे चहा न घेता गेले. "रक्तातलं दिसते," मोठे काका फाटकाशी म्हणाले, हळू म्हणाल्यासारखं करून. प्रफुल्लनं बशी ओट्यावर नीट ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि तो त्यांच्यामागून गेला. नागोसेकाका पुढचे कित्येक महिने आमच्याशी बोलले नाहीत.

रात्री आईनं तांदळातून बाटल्या काढल्या, एकेक पुसली, पुन्हा हेमंतच्या उशाशी मांडली.

*

कार्ड पंचविशीपर्यंत मिळालं. हेमंतला तेवढं लागलं नाही. पुढच्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तो नागपूरहून येताना बसमध्येच गेला. माझ्या खांद्यावर होता. मी नेहमीसारखा हात ठेवला होता, म्हणून मला लगेच कळलं. कंडक्टरला मी चंद्रपूर येईपर्यंत सांगितलं नाही. बस थांबवली असती, आणि मला त्याला घरी न्यायचं होतं.

मधलं ते वर्ष आईनं त्या एका वाक्यावर मिळवलं होतं. पण ते वाक्य तिनं पुन्हा कधी काढलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी आजवर बोललेलो नाही. मी शिक्षिका झाले. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. ऐंशी ओलांडली तरी डोकं शाबूत आहे तिचं. भाजीवाल्याचं मारलेलं माप अजूनही बसल्या जागी पकडते.

गेल्या हिवाळ्यात पेन्शनसाठी तिच्या हयातीचा दाखला घ्यायला बँकेचा मुलगा घरी आला. छोटंसं यंत्र काढून त्यानं आईचा अंगठा त्यावर ठेवला. झिजलेला अंगठा यंत्राला सापडेना. पुन्हा पुन्हा ठेवावा लागला. तेवढ्यात बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं आजी?"

"मी अन् हे माही पोरगी," आई म्हणाली. मग मोकळ्या हातानं तिनं पदर सारखा केला आणि ताठ बसली.

"आणि मुलगा आहे ना," ती म्हणाली. "आमचा हेमंत. नागपूरला असतो."

"अरे वा. येतात का इकडे?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ओटा उतरून येताना पाहिलं होतं, तसंच. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी मुलापुढे ठेवला.

"येतो ना," मी म्हणाले. "सुट्टीवर."

यंत्र वाजलं. आई जिवंत असल्याची नोंद झाली. मुलगा सामान आवरायला लागला, तशी आई पुढे वाकली.

"यावर सही नाही ना लागत?"

"नाही आजी. झालं सगळं."

"मग बसा थोडं," आई म्हणाली आणि आपली खुर्ची तिनं त्याच्याजवळ ओढली. "निळी स्कूटर आहे त्याच्याकडे."